सातची उडी, दीर्घाचं पाऊल

जालन्याच्या जुन्या गावात मस्तगड नावाचा भाग आहे. आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानानं १७२५ मध्ये बांधलेल्या किल्ल्याचं हे नाव. पुढे किल्ल्याची पडझड झाली, नगरपालिकेचा कारभार त्याच आवारात आला आणि नाव वस्तीला कायमचं चिकटलं. या शहराच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू बोलणारी लेकरं आहेत. तांड्यांवरून आलेली, घरी गोरमाटी बोलणारी आहेत. लोखंडाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारांचीही आहेत. अशा वर्गात भाषा आणि गणित शिकवताना मुलांना बसवून ठेवावं की हलवावं, हा प्रश्न शिक्षकांना रोज सोडवावा लागतो.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. बोलणारे दोघं मस्तगडातले. सर गणित शिकवून निवृत्त झालेले. बाई त्यांची जुनी विद्यार्थिनी, आज चौथीचा वर्ग सांभाळणारी. त्यांच्या तोंडची मतं मात्र शिक्षक जमतात तिथे सतत ऐकू येतात, आणि दोन्ही बाजूंनी तळमळीनं मांडली जातात.

सर : तुझ्या वर्गातली लेकरं पाढे म्हणताना उड्या मारतात म्हणे. कवायतीचा आणि गणिताचा तास एकच करून टाकलास की काय?

बाई : कवायतीच्या तासाला हात लावलेला नाही, सर. गणिताच्याच तासातली वीस मिनिटं घेते, आठवड्यातून तीन वेळा. मूळ कल्पना नेदरलँड्समधली. ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या १२ शाळांत, दुसरी-तिसरीतली ४९९ मुलं घेऊन दोन वर्षं हा प्रयोग केला. वर्षाला २२ आठवडे, आठवड्याला तीन पाठ, प्रत्येक पाठ वीस ते तीस मिनिटांचा. काही वर्ग नेहमीसारखे बसून शिकले, काही धापा टाकत शिकले. २०१६ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. हालचाल करत शिकलेली मुलं गणितात आणि शब्दांच्या लेखनात सुमारे चार महिने पुढे होती.

सर : आणि वाचनात?

बाई : वाचनात फरक पडला नाही.

सर : मग तेही आधीच सांगत जा. एका वर्षाच्या मूल्यमापनात काय दिसलं होतं?

बाई : तिसरीची मुलं पुढे होती. दुसरीची मात्र गणितात मागे पडलेली दिसली. एकूण फायदा दिसला तो दोन वर्षांच्या प्रयोगात.

सर : मीही थोडं वाचून आलोय. अमेरिकेत कॅन्ससच्या संशोधकांनी १७ शाळांत तीन वर्षं हेच केलं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. मुलं पुढेही गेली नाहीत आणि मागेही पडली नाहीत. तीन वर्षं राबून हाती काही नाही, असंही होऊ शकतं ना?

बाई : मुलं तीन वर्षं रोज हालली आणि अभ्यासात मागे पडली नाहीत, याला तुम्ही काही नाही म्हणता? शरीराला मिळालं ते मिळालंच की.

सर : शरीरासाठी खेळाचा तास आहे. गणिताच्या तासात मी गणिताचाच हिशेब मागणार. आता सांग, त्या डच पाठात मूल नेमकं करतं काय?

बाई : फळ्यावर गणित येतं. समजा, दोन चोक. उत्तर आलं की तितक्या उड्या जागच्या जागी. आठ. शब्द आला की त्याचं एकेक अक्षर सांगत प्रत्येक अक्षराला एक उडी.

सर : म्हणजे सहा आठे म्हटलं की अठ्ठेचाळीस उड्या! अगं, गुणाकार शोधला कशासाठी? एकेक मोजत बसावं लागू नये म्हणून. आठाचा गठ्ठा एका झटक्यात उचलता यावा म्हणून. तुम्ही पोराला परत मागे नेऊन एक-दोन-तीन करायला लावता. घाम येईल, गणित येणार नाही. आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा व्हायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेली माणसं इथल्या मोंढ्यात क्विंटलचा भाव ऐकून पायलीचा हिशेब तोंडी सांगायची. त्यांनी एक उडी मारलेली नव्हती.

सरांचा हा मुद्दा जोरकस आहे. पाठांतराची थट्टा करणं सोपं असतं, पण तोंडी हिशेब ज्याला येतो त्याला बाजारात कुणी फसवू शकत नाही, हे ग्रामीण भागातल्या आईबापांना पक्कं ठाऊक असतं. दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नसतील, तर त्या उडीत नेमकं काय भरलेलं आहे, हे आधी पाहायला हवं.

बाई : जागच्या जागी मारलेल्या उड्यांबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, सर. म्हणून मी त्या सोडल्या. आम्ही अंगणात फक्कीनं लांब रेघ मारतो. तिच्यावर घरं आखतो. प्रत्येक घर कंपासपेटीतल्या लहान पट्टीएवढं, पंधरा सेंटिमीटरचं. शून्यापासून सत्तरपर्यंत साडेदहा मीटर रेघ होते. सातची उडी म्हणजे एकशेपाच सेंटिमीटर. चौथीतल्या बहुतेकांना ती जमते, पण जोर लावावा लागतो. शून्यावरून निघायचं, सात, चौदा, एकवीस. प्रत्येक उडीला जिथे पाय टेकला तो आकडा मोठ्यानं म्हणायचा.

सर : आणि पाय पुढेमागे पडला तर?

बाई : तिथेच तर शिकणं होतं! परवा एक मुलगा अठ्ठावीसवरून उडाला आणि छत्तीसवर टेकला. तोंडानं मात्र 'पस्तीस' म्हणाला. स्वतःच खाली पाहिलं, एक घर मागे सरकला. वहीत पस्तीसच्या जागी छत्तीस लिहिलं तर मी लाल रेघ मारेपर्यंत त्याला पत्ता नसतो. इथे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

सर : नवाचा पाढा कसा करतेस? एकशेपस्तीस सेंटिमीटरची उडी हरेक पोराला थोडीच जमणार.

बाई : नवाला उडी नाही. दहा घरं चालत पुढे जायचं, एक घर मागे यायचं. आता विचारा त्यांना नऊ सख्खं किती. डोळे मिटून साठातून सहा मागे येतात आणि चोपन्न सांगतात.

सर : हं. हे बरं आहे. दहातून एक वजा, हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं सांगितलं. अर्ध्या वर्गाला कळायचं, अर्धा वर्ग मान डोलवायचा. आणि पंचेचाळीसला सातानं भागायचं असेल तर?

बाई : सहा उड्या मारून बेचाळीसवर. सातवी मारली तर पंचेचाळीसच्या पलीकडे जातो. म्हणून तिथून छोटी पावलं, एकेका घराची. तीन. भागाकार सहा, बाकी तीन.

सर : थांब. ही तर विटी-दांडूची मोजणी झाली.

बाई : कशी?

सर : तुमच्या पिढीनं खेळली नसेल. टोला मारला की विटी पडली तिथपर्यंत दांड्यानं मापत जायचं. पण एक-दोन-तीन म्हणायचं नाही. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झंकू. सात झाले की पुन्हा वकट. शब्द गावागणिक थोडे बदलतात, फेरा मात्र हाच. शेवटचा दांडा ज्या शब्दावर थांबेल त्या शब्दाचा टोला पुढे मारायचा. कधी विटी पावलावर ठेवून उडवायची, कधी मुठीवर. आता विटी अडतीस दांड्यांवर पडली तर?

बाई : पाच फेरे झाले पस्तीसला. उरले तीन. मूंड!

सर : सातानं भागून बाकी काढणं म्हणतात ते हेच. आम्ही ते मातीत वाकून करत होतो. आणि पलीकडचा गडी मापात लांडीलबाडी करतो का, हे बघायला सगळी पोरं भोवती जमलेली असायची.

बाई : मग सर, तुम्ही माझ्याच बाजूचे झालात की.

सर : नाही झालो. नीट ऐक. विटी-दांडू खेळताना आम्हाला कुणी गणित शिकवत नव्हतं. शिकवतंय असं कळलं असतं तर आम्ही पळालो असतो. खेळ आमचा होता. तू तो उचलून तासात नेलास की त्याचा अभ्यास होतो. मग पोरांकडे उरतं काय?

सरांच्या या प्रश्नाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते अख्ख्या वादातला तो सर्वांत खोल प्रश्न आहे. त्याआधी भाषेचं पाहू. डच पद्धत मराठीत जशीच्या तशी चालत नाही.

बाई : तिकडे प्रत्येक अक्षराला एक उडी. आपल्याकडे 'पुस्तक' शब्दाला किती उड्या मारायच्या, तीन की चार? आमच्या लेकरांची चूक अक्षरांच्या क्रमात फारशी होत नाही. ती होते ऱ्हस्व-दीर्घात आणि जोडाक्षरात. म्हणून आम्ही उडीऐवजी माणसंच उभी करतो. चार मुलं घ्यायची. 'पु' ऱ्हस्व, म्हणून तो गुडघे वाकवून आखूड पावलानं पुढे येतो. 'स' अर्धा, म्हणून तो लंगडी घालत येतो आणि 'त'च्या खांद्यावर हात ठेवतो, नाहीतर तोल जातो. मग 'क' आपला सरळ चालत येतो.

सर : अर्ध्याला लंगडी! हे लेकरांना लक्षात राहील खरं.

बाई : राहतं. आणि 'मूल' शब्दात 'मू' ऐटीत लांब ढांग टाकतो. मग मागून 'ला' हे पोरगं येऊन चिकटतं. 'मुलाला'. ते चिकटलं की पुढच्यानं आखडायचं, पाऊल आखूड करायचं. फूल-फुलाला, सून-सुनेला, खीर-खिरीत. मागे कुणी आलं की पुढच्यानं आवरून घ्यायचं. सामान्यरूपाचा हा नियम मी दोन वर्षं फळ्यावर लिहून दिला, वहीत उतरला नाही. अंगणात त्यांनी तो स्वतःच एकमेकांना ओरडून सांगायला सुरुवात केली : 'ए, आखूड हो, मागं बघ!'

सर : आता मी तुला अडवतो. पुस्तकातला 'पु' लिहिताना ऱ्हस्व. पण पुढे जोडाक्षर आलं म्हणून वृत्तात तो गुरू. उद्या ही लेकरं मोठ्या वर्गात गेली, लघु-गुरू मोजायला लागली की तुझं आखूड पाऊल त्यांना खोटं पडेल.

बाई : हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण चौथीला वृत्त नाही. लेखनाच्या खेळात लिहितो तसं पाऊल. वृत्ताचा खेळ मोठ्यांचा, त्याचे नियम वेगळे. दोन्ही एका दिवशी मिसळणार नाही.

सर : मिसळू नकोसच. वृत्ताचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जांब इथून लांब नाही, घनसावंगी तालुक्यातलं. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, १६०८ चा. त्यांनी बलोपासना सांगितली, गावोगाव मारुती बसवले. अक्षर कसं घोटावं, पानं कशी लिहावीत यावर दासबोधात अख्खा समास लिहिला. अंग कमवा म्हणाले, अक्षर कमवा म्हणाले. पण जोर काढता काढता बोरू चालवा असं कुठे म्हणाले नाहीत. प्रत्येक गोष्टीला तिचा वेळ आणि तिची एकाग्रता लागते.

बाई : आणि मनाचे श्लोक, सर? रामदासी ते म्हणत दारोदार भिक्षेला फिरत, अशी परंपरा आहे ना? ते बसून म्हणण्यापेक्षा चालत म्हणण्याचंच काव्य. वृत्त भुजंगप्रयात. लघु, गुरू, गुरू. असं चार वेळा. एक आखूड पाऊल, दोन लांब. सातवीच्या मुलांना अंगणात असं चालवा. ओळीत अक्षरं बारा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे एका गणाच्या पाच, ओळीच्या वीस. श्लोकाच्या चार ओळींच्या ऐंशी. पाय चुकला की मात्रा चुकली. यात भाषा कुठे संपते, गणित कुठे सुरू होतं आणि व्यायाम कुठला, हे तुम्ही मला वेगळं करून दाखवा.

सर : … हे करून बघायला हवं. मी स्वतः चालून बघेन.

बाई : एकाग्रतेचंही तसंच आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी नऊ-दहा वर्षांच्या वीस मुलांना ट्रेडमिलवर वीस मिनिटं चालवलं आणि मग कसोटी घेतली. नुसतं बसून आल्यावर जितकं लक्ष लागत होतं, त्याहून ते चालून आल्यावर जास्त नेमकं लागलं. वाचनाच्या कसोटीतही त्यांनी जास्त गुण मिळवले.

सर : वीसच मुलं. फार मोठं बोलू नकोस त्यावर.

बाई : नाही बोलत. मी माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल बोलते. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. पहिले कित्येक दिवस तोंडच उघडलं नाही. मग मी क्रियापदांचा खेळ लावला. मी म्हणायचं, मुलांनी करायचं, बोलायची सक्ती नाही. उकिडवी बस. मांडी घाल. फतकल मार. चवड्यावर उभी राहा. ओणवी हो. गिरकी घे. सरक. दुडकत जा. ती बाकीच्यांचं बघून करायला लागली, पुढे न बघता करायला लागली आणि एक दिवस माझ्या जागी उभी राहून वर्गाला हुकूम सोडायला लागली. जेम्स आशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हीच रीत मांडली : आधी कानानं ऐकून अंगानं उत्तर द्यायचं, तोंड मागाहून. 'उकिडवी' हा शब्द मी तिला चित्र काढून कसा समजावला असता?

सर : भाषेचं मी मान्य करतो. परक्या भाषेत आलेल्या लेकराला बाकावर बसवून ठेवणं म्हणजे त्याला गप्प बसायला शिकवणं. पण दोन तास एकत्र बांधण्याबद्दलचा माझा पहिला प्रश्न तसाच आहे. असं जोडकाम आपल्याकडे आधीही झालंय. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींची नई तालीम ठरली. हातातलं काम आणि विषय यांचा समवाय साधायचा. टकळीवर सूत काता आणि त्यातूनच गणित, भूगोल शिका. विचार फार थोर होता. पण बहुतेक शाळांत काय झालं? ओढूनताणून जोडलेला समवाय. सूत एकीकडे, पुस्तक एकीकडे. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय आला. साताऱ्याकडच्या कुमठे बीटच्या शाळा बघायला गावोगावचे शिक्षक गेले. फरशीवर आखलेली चित्रं, आकडे बघून भारावून आले. आपापल्या शाळेत फरश्या रंगवल्या. कुमठ्याच्या शिक्षकांनी त्या फरशीवर काय काय केलं, ते किती जणांनी केलं? कित्येक ठिकाणी नुसता रंग उरला.

बाई : रंग उडाला म्हणून काम वाईट ठरत नाही. मला तर रंगाचेही पैसे लागत नाहीत, फक्की पुरते.

सर : आणि जे लेकरू पायानं अधू आहे?

बाई : माझ्या वर्गात एक आहे. तो रेघेच्या बाजूला बसून हातानं गोटी सरकवतो, सात-सात घरं. आकडा तोच ओरडतो आणि उडणारा चुकला की निवाडा त्याचा. पण खरं सांगू, त्याला उडायचं असतं. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

सर : उन्हाचं काय? मार्च लागला की अंगणात पाय ठेववत नाही.

बाई : मग सकाळचा पहिला तास. पण तेव्हा कित्येक जण चहा-बिस्किटावर आलेले असतात, खिचडी दुपारी. उपाशी पोराला मी उड्या मारायला लावत नाही. त्या दिवशी बसून पाढे. तुमच्यासारखे.

सर : आता माझं शेवटचं गाऱ्हाणं. शाळाशाळांत काय चालतं ते तुला माहीत आहे. परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला, नाहीतर विज्ञानाला. आता वरून कुणीतरी म्हणेल, गणितातच व्यायाम होतोय, वेगळा तास कशाला? नव्या शैक्षणिक धोरणात खेळातून शिकण्यावर भर आहेच, कागद दाखवायला सोपा. आणि मग जिच्या घरी अंगण नाही, जिला संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळायचं आहे, त्या मुलीच्या वाट्याचा आठवड्यातला तो एक मोकळा तास, हवं ते, हवं तसं खेळण्याचा, तोही गेला.

खेळ तासात नेला की पोरांकडे उरतं काय, हा सरांचा मघाचा प्रश्न इथे परत येतो, आणि या बाबतीत मला सरांचंच म्हणणं पूर्ण पटतं. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्येच शाळेच्या निकषांत खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्य घातलं. मूल खेळलं तर त्याचं गणित सुधारेल, अशी अट त्यात घातलेली नाही. उडीत गणित नेमकं बसत असेल तर ते जरूर बसवावं. सातची उडी खरोखर सात घरांची असली आणि दीर्घाचं पाऊल खरोखर लांब पडलं, तर त्या हालचालीला अर्थ आहे. नुसत्या घामासाठी गणिताचा तास मोडण्यात मला काही हशील दिसत नाही. पण या सगळ्याच्या बदल्यात खेळाचा तास मागितला गेला, तर तो व्यवहार शाळेनं करू नये, आणि पालकांनी करू देऊ नये.

बाई : तो तास मी सोडणार नाही, सर. त्या तासाला मी आकडा उच्चारत नाही. लगोरी, लंगडी, खो-खो, जे त्यांना हवं ते. कुणी नुसतं बसून गप्पा मारत असेल तरी चालतं.

सर : असं असेल तर माझी एक अट. चौथीच्या दोन तुकड्या आहेत ना? एक फक्कीवर, एक वर्गात बसून, शिकवायचे धडे तेच. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोघींना एकच पेपर. मी काढतो. गणित, शुद्धलेखन आणि वाचनही. वाचन वगळायचं नाही.

बाई : काढा. पण नवाचा पाढा नुसता घोकलेला विचारू नका. बाकी उरणारे भागाकार घाला. आणि 'पुस्तक' नको, ते माझ्या मुलांना पाठ झालंय. 'दुष्काळ' घाला.

सर : घालतो. 'दुष्काळाला'ही घालतो.

बाई : आणि बसून शिकणाऱ्या तुकडीला मी काय सांगू? ती खिडकीतून बघत राहते.

सर : त्यांना सांग, पेपर झाला की दुसऱ्या दिवशी रेघ तुमची. मी येतो आखायला.